मैत्रिणीला कॅन्सर निघाला, आता गटानं काय करायचं?

आज कॅन्सरबद्दल बोलायचं आहे. शब्द ऐकूनच काहीजणी रेडिओचा आवाज बारीक करतील, ते मला माहीत आहे. पण आजार कसा होतो, लक्षणं कोणती, हे मी आज सांगणार नाही. ते आशाताई सांगतात, डॉक्टर सांगतात. आज बोलायचं ते एवढंच, की गटातल्या एखादीच्या, किंवा आपल्याच रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, तर पहिल्या दीड-दोन महिन्यांत आधार कुठून घ्यायचा आणि गटानं तो कसा द्यायचा.

मी सांगोल्याकडच्या गावांमध्ये गेली नऊ वर्षं बचत गटांचं काम करते. या काळात आमच्या गटांतल्या तिघींना कॅन्सर निघाला. दोघींना छातीचा, एकीला गर्भपिशवीच्या तोंडाचा. मी जेवढं पाहिलं त्यात बाई उपचाराला मागंपुढं करते ती औषधाला घाबरून थोडी आणि घर अडेल म्हणून जास्त. गाईची धार कोण काढणार, सासूबाईंना जेवण कोण देणार, रोजगार बुडाला तर हप्ता कुठून भरायचा, हे तिच्या डोक्यात आधी येतं. स्वतःचा जीव त्यानंतर. म्हणून ‘धीर धर, सगळं बरं होईल’ हे सगळे म्हणतात, पण त्यानं तिचं काहीच हलकं होत नाही.

पहिले आठ दिवस फार वाईट असतात. डॉक्टर बोलत असतात आणि बाईला पहिल्या शब्दानंतर पुढचं काही ऐकूच येत नाही. हे अडाणीपणामुळे होत नाही. शिकलेल्या माणसाचंही असंच होतं. त्यामुळे दवाखान्यात तिच्यासोबत दुसरं कुणीतरी हवंच, आणि त्या माणसाच्या हातात एक वही हवी. नवरा सोबत असला तरी वहीवाली बाई वेगळी असू द्या, कारण नवऱ्याचेही हातपाय गळालेले असतात. आमच्या एका ताईबरोबर गटाच्या सचिव गेल्या. इतिवृत्त लिहायची सवय असलेली बाई ती! डॉक्टर काय म्हणाले ते तारखेनिशी उतरवून घेतलं. आजार कुठपर्यंत आहे, आधी ऑपरेशन की आधी केमो, किती वेळा यायचं, प्रत्येक वेळी मुक्काम करावा लागेल का, कोणता त्रास झाला तर लगेच यायचं, आणि हे सगळं योजनेत बसतं का. एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. समजलं नाही तर ‘डॉक्टर, परत एकदा सोप्पं करून सांगा’ असं म्हणायला लाजू नका.

रिपोर्टची फाईल एकच ठेवा. पिशवीत कोंबलेले कागद पावसात भिजले, अशी उदाहरणं आहेत. तुकडा काढून तपासतात त्या बायोप्सीचा रिपोर्ट सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्या दोन झेरॉक्स घरी असू द्या. आणि या तपासणीबद्दल गावात बोललं जातं की सुई लागली की कॅन्सर पसरतो. तसं होत नाही. ती तपासणी झाल्याशिवाय कोणतं औषध द्यायचं हेच डॉक्टरांना ठरवता येत नाही. रिपोर्ट यायला दिवस लागतात, पुढच्या तपासण्यांना आणखी लागतात. ते वाट पाहणं जीवघेणं असतं, पण ते दिवस वाया जात नाहीत. वाया जातात ते त्याच काळात झाडपाल्याचं औषध घेऊन ‘बघू महिनाभर’ म्हणत घरी बसण्याचे. असलं काही कुणी आधीच घेत असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, कारण त्यातलं काही केमोच्या आड येऊ शकतं.

आता सांगायचं कुणाला? माझं म्हणणं असं की आधी दोघी-तिघींनाच. एक घरातली, एक गटातली. सगळ्या गावाला एकदम कळलं की घरात रांग लागते, आणि प्रत्येकजण आपल्या माहितीतल्या मेलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. का सांगतात कोण जाणे! आमच्या त्या ताईंच्या घरी एक लांबची आत्या आली, दारातच गळ्यात पडून रडली आणि चहा पिऊन गेली. त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत. गटाच्या अध्यक्षांनी मग सरळ सांगायला सुरुवात केली, ‘भेटायला या, पण रविवारी संध्याकाळी, आणि रडायचं असेल तर माझ्या घरी या.’ थोडं वाईट वाटलं लोकांना. वाटू दे.

आणि एक. कॅन्सर शिवून होत नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, पोरांना आईपासून लांब झोपवायची गरज नाही. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला की बाईच्या वागण्याबद्दल कुजबुज होते, तीही बंद करा. ज्या विषाणूमुळे तो होतो, तो कितीतरी बायका-पुरुषांच्या अंगात येऊन आपोआप जातो. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं राहतो आणि मग आजार होतो. त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही.

आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट इथं सांगावीशी वाटते. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांमध्ये कार्यकर्ते जायचे, लोकांशी बोलायचे, अंगावरून रक्त जाणं किंवा गाठ असं काही असलं तर दवाखान्यात यायला समजवायचे. काही वर्षांत असं दिसलं की गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका पूर्वीपेक्षा लवकर, आजार कमी असताना येऊ लागल्या. त्यासाठी गावात मोठी यंत्रं नेली नव्हती. कुणीतरी दारात येऊन बोललं होतं. आपले गट दर आठवड्याला बसतात, म्हणजे ही सोय आपल्याकडे आधीच आहे.

पैशाचं आता नीट ऐका, कारण इथं घरं बुडतात. रिपोर्ट आला की माणसं पहिल्यांदा सोनाराकडे किंवा सावकाराकडे पळतात. मायक्रोफायनान्सची गाडी तर दारातच उभी असते. थांबा. आधी विचारा, की या दवाखान्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे का. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे, आणि कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, लाईट हे त्यात येतं. प्रत्येक योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. ओपीडीच्या रांगेत लागायच्या आधी त्याच्याकडे जा. घरून विचारायचं असेल तर १५५३८८ हा नंबर आहे.

लागतं काय? रेशन कार्ड, आधार कार्ड आणि रिपोर्ट. आणि इथंच आपल्या बायका अडकतात. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, पण सुनेचं नाव सासरच्या कार्डावर चढलेलंच नसतं. किंवा रेशनवर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’. आमच्या दुसऱ्या ताईंचं असंच झालं. केमोची तारीख मिळाली आणि नावासाठी तहसीलला हेलपाटे सुरू. अकरा दिवस गेले. ते काम ताईंनी केलं नाही, गटातल्या एका वहिनींनी केलं, कारण त्यांचा भाऊ तहसीलच्या बाहेर झेरॉक्सचं दुकान चालवतो. कुणाची ओळख कुठं उपयोगी पडेल सांगता येत नाही, म्हणून गटात मोकळं बोला.

योजना सगळं देत नाही. प्रवास, मुक्काम, सोबतच्याचं जेवण, बुडालेली हजेरी हे राहतंच. गटाचं अंतर्गत कर्ज यासाठी वापरा, आणि तिच्या आधीच्या कर्जाचे हप्ते काही महिने पुढं ढकलायचा ठराव बैठकीत लिहून घ्या. तोंडी नको. तोंडी ठरलेल्यावरून नंतर भांडणं होतात, आणि आजारी बाईला ती ऐकावी लागतात. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण माफी आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो. एसटीतही सवलत आहे, त्याला काय कागद लागतो ते आगारात विचारा. आपल्याकडून बार्शीला जायला पंढरपूर, कुर्डुवाडी करत गाडी आणि एसटी दोन्ही आहेत. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जावं लागलं, तर तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याचं विचारा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं बाहेरगावचे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय फुटपाथवर पथारी टाकू नका.

उपचार सुरू झाले की गटाचं खरं काम सुरू होतं. केमो बहुतेक वेळा दोन किंवा तीन आठवड्यांनी एकदा असतो. सलाईन लावतात, संध्याकाळी घरी सोडतात, आणि पुढचे चार-पाच दिवस बाई अंथरुणात. मळमळ, तोंड येणं, चव जाणं. मग उठते, हिंडते-फिरते, तोवर पुढची तारीख येते. हे एकदा कळलं की कामं वाटता येतात. पहिल्या ताईंसाठी अकराजणींच्या गटानं वहीत पान आखलं. केमोनंतरचे पाच दिवस डबा कुणाचा, सकाळची धार कुणाची, संध्याकाळची कुणाची. त्यांची मुलगी दहावीला होती. घरात बाई पडली की मुलीची शाळा सुटते, हे आपण सगळ्या जाणतो. गटानं ठराव लिहिला, की मुलगी एकही दिवस घरी राहणार नाही. शब्द थोडे कडक होते, सासूबाईंना आवडले नाहीत. पण मुलगी परीक्षेला बसली.

सगळं गोडगोड झालं असं नाही. दोघींनी पहिल्या महिन्यानंतर डबा बंद केला. एक म्हणाली, ‘माझ्या बाळंतपणाला कोण आलं होतं?’ तिचंही खोटं नव्हतं. मग उरलेल्यांनी दिवस वाटून घेतले. आणि ज्या दोघी मागं सरल्या, त्यांच्याबद्दल ताईंसमोर बोलायचं नाही, एवढं पाळलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाठ करा. केमो चालू असताना ताप आला, १००.४ किंवा त्याच्या वर, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी लगेच डॉक्टरांना फोन आणि दवाखाना. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतूंशी लढायला अंगात बळ नसतं, आणि साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो. म्हणून गटानं एक डिजिटल थर्मामीटर घेऊन त्या घरी ठेवावा, आणि रात्री गाडी कुणाची निघेल हे आधीच ठरवावं. गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहा. पाणी उकळून, जेवण ताजं आणि गरम, बाहेरचं उघड्यावरचं नको, आणि सर्दी-खोकला असलेल्यांनी घरात जायचं नाही. मग ती भेटायला आलेली नणंद का असेना.

केस जातात. सगळ्या औषधांनी जात नाहीत, पण बऱ्याच औषधांनी दोन-तीन आठवड्यांत जातात, आणि उपचार संपल्यावर परत येतात. आधी माहीत असलं तरी उशीवर केसांचा पुंजका दिसला की बाई मोडते. आमच्या ताई म्हणाल्या, छाती काढली तेव्हा रडले नाही तेवढी त्या सकाळी रडले. तेव्हा तिला ‘केसांचं काय एवढं’ असं म्हणू नका. सुती पदर, सुती रुमाल आणून द्या आणि शेजारी बसा.

लाईटचं वेगळं आहे. ती आठवड्यातले पाच दिवस रोज घ्यावी लागते, काही आठवडे. रोज जाऊन-येऊन जमत नाही, म्हणून मुक्काम लागतो, आणि मधे चार दिवस घरी येऊन राहिलं तर उपचाराचा गुण कमी होतो. गर्भपिशवीवाल्या ताई सण आला म्हणून घरी यायला निघाल्या होत्या. तिथं शेजारच्या खाटेवरच्या परांड्याच्या एका मावशींनी त्यांना थांबवलं. त्या मावशींचे उपचार संपत आले होते. ‘मी केलं, तूही कर, दिवाळी पुढच्या वर्षी परत येतेच,’ म्हणाल्या. आम्ही फोनवर तासभर समजावून झालं नव्हतं, ते त्यांच्या एका वाक्यानं झालं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर शेजारणीशी बोला. ज्या वाटेनं आपण चाललोय, तिच्यावर दोन पावलं पुढं असलेली बाई तिथंच भेटते.

मन फारच खचलं, झोपच लागत नाही, जगून काय करू असं येऊ लागलं, तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. रोज येणाऱ्या मैत्रिणीला हे शब्द ऐकू आले, तर तिनं स्वतः नंबर लावून फोन तिच्या हातात द्यावा.

आता तुमच्या पुढच्या बैठकीसाठी दोन कामं देते. प्रत्येकीनं रेशन कार्ड आणि आधार सोबत आणा, नावं जुळतात का बघा, ज्यांची जुळत नाहीत त्यांची यादी करा आणि एकत्रच तहसीलला जा. आणि तिशीच्या पुढच्या ज्या मैत्रिणींची उपकेंद्रात तोंडाची, छातीची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झालेली नाही, त्यांनी आशाताईंकडून वार विचारून घ्या. एकटीला जायला लाज वाटते, चौघी-पाचजणी मिळून जा.