शिक्षक होण्याची पात्रता : कागद किती, वर्ग किती?
(लेखमाला 'गावची शाळा' : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण शिक्षण हक्क कायद्यातलं पट आणि शिक्षकसंख्येचं गणित पाहिलं. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे त्यातलं मूळ सूत्र. ते दोघे वर्गावर उभे राहण्याआधी कायदा त्यांच्याकडून काय मागतो, ते आज पाहू.

२००९च्या या कायद्याच्या २३व्या कलमाने शिक्षकांची किमान पात्रता ठरवण्याची वाट मोकळी केली. केंद्राने हे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे सोपवलं आणि २३ ऑगस्ट २०१० रोजी तिची अधिसूचना निघाली. पहिली ते पाचवीसाठी बारावी किमान पन्नास टक्क्यांनी उत्तीर्ण आणि दोन वर्षांची पदविका. आपण अजून जिला डी.एड. म्हणतो तीच आता डी.एल.एड. झाली आहे. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तीच पदविका, किंवा पदवी आणि बी.एड. दोन्ही गटांना शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी, बंधनकारक. महाराष्ट्राने ही अट फेब्रुवारी २०१३मध्ये लागू केली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला राज्यातली पहिली टीईटी झाली.

बी.एड. झालेल्यांनी पहिली ते पाचवीला शिकवावं का, हा वाद बरीच वर्षं चालला. २०१८मध्ये एनसीटीईने त्यांना परवानगी दिली. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम करायचा, एवढीच अट. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही परवानगी रद्द केली. बेरोजगार बी.एड.धारकांना तो निकाल फार लागला, आणि त्यांचं दुःख खरं आहे. तरीही निकाल बरोबरच होता असं मला वाटतं. बी.एड. पदवी जास्त आहे म्हणून ती पहिलीच्या वर्गाला आपोआप पुरेशी ठरत नाही. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं हे वेगळंच कसब आहे, आणि ते डी.एड.च्या दोन वर्षांत, सराव पाठ घेता घेता, पाठ टाचणं काढता काढता अंगी येतं.

टीईटीचे दोन पेपर आहेत : पहिला पाचवीपर्यंतच्या, दुसरा सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी. प्रत्येकी दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना तीस-तीस गुण. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के, मागासवर्गीयांना पंचावन्न. प्रमाणपत्र आधी सात वर्षं चालायचं. २०२१पासून ते कायमचं ग्राह्य झालं. २०२४च्या परीक्षेत शंभरात चारजणही पास झाले नाहीत.

आणि पास झालं म्हणजे नोकरी लागली, असंही नाही. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट. दोन तासांत दोनशे प्रश्न. तिच्या गुणांवर राज्याच्या शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर यादी लागते. यादीत नाव आलं की आधी तीन वर्षं शिक्षण सेवक; २०२३ला वाढवल्यानंतर प्राथमिकला महिना सोळा हजार रुपये मानधन. डी.एड. संपल्यापासून कायम होईपर्यंत तिशी उलटलेली मुलं-मुली मी पाहतो, तेव्हा या लांबलचक वाटेत चांगली किती माणसं गळाली असतील, हा विचार अस्वस्थ करतो.

याच वाटेवर २०१९-२०च्या टीईटीचा घोटाळा झाला. डिसेंबर २०२१मध्ये पुणे सायबर पोलिसांनी तो उघड केला, ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. त्यात प्रामाणिकपणे अभ्यास करून नापास झालेल्यांचा जो अपमान झाला, त्याची भरपाई कुणीच केलेली नाही.

आता मुद्दा सध्या नोकरीत असलेल्यांचा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : अट लागू होण्यापूर्वी लागलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर सेवा संपेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे गेला. आपल्याकडे निवृत्तीचं वय ५८. म्हणजे निकालाच्या दिवशी ज्यांनी ५३ ओलांडलं होतं त्यांची नोकरी वाचली, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा द्यावीच लागेल. पन्नाशीला टेकलेले गुरुजी आणि बाई दिवसभर चार इयत्ता सांभाळून रात्री बालमानसशास्त्रातल्या पियाजेच्या अवस्था पाठ करतात, ते यामुळे.

परीक्षा नको, असं मी म्हणणार नाही. गरिबाच्या मुलाला शाळा एकच असते. तिथला शिक्षक जाणकार हवा, ही मागणी न्याय्यच आहे. पण परीक्षा काय तपासते, तेही बघा. तिसरीतलं मूल बेचाळीसातून सतरा वजा करून पस्तीस उत्तर लिहितं. त्याने सातातून दोन काढलेले असतात, कारण 'मोठ्यातून लहान काढायचा' एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं आहे. चांगल्या बाई फुली मारून पुढे जात नाहीत. त्या काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवतात, 'यातून सतरा दे' म्हणतात आणि गप्प बसतात. एक गठ्ठा सोडावा लागणार हे त्याचं त्यालाच उमगेपर्यंत. हे बसणं चार पर्यायांतून कसं तपासणार? सराव पाठ संपल्यावर जिल्हा परिषदेच्या नेमणुकीपर्यंत उमेदवाराला शिकवताना कुणीही पाहत नाही. मुलाखतीसह भरती करणाऱ्या खासगी संस्थांत तेवढी अध्यापन कौशल्याची पाहणी होते.

म्हणून दोन गोष्टी व्हायलाच हव्यात. निवडीत खऱ्या मुलांसमोर घेतलेल्या पाठाला गुण द्या, जिल्हा परिषदेच्या शाळांसाठीसुद्धा. आणि सेवेतल्या शिक्षकांना परीक्षेला बसवायचं असेल, तर प्रत्येक जिल्ह्याच्या डाएटने, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने, त्यांचे तयारी वर्ग विनाशुल्क घ्यावेत आणि त्या महिन्यांपुरती तरी अशैक्षणिक कामं त्यांच्याकडून काढून घ्यावीत. शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या वाचकांनी या मागण्यांचा ठराव पुढच्याच बैठकीत मांडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

(पुढील लेखांकात : संचमान्यता)