उपचाराची पद्धत कोणाच्या मालकीची?
(देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी)

आपल्या रुग्णालयाचा वार्षिक जमाखर्च वाचून झाला की एक प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो. गरजूंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपण विनामूल्य करतो, तर मग नेत्रविभागाच्या साहित्यावर एवढा खर्च कसा होतो? या खेपेस एका देणगीदारांनी हाच प्रश्न निराळ्या अंगाने विचारला. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेचे अमेरिकेत कोणी पेटंट घेतले होते, असे त्यांच्या वाचनात आले होते. त्या पेटंटपोटी आपले रुग्णालय कोणास पैसे देते काय, आणि देत असल्यास देणगीतील किती भाग तिकडे जातो, अशी त्यांची विचारणा होती.

उत्तर एका शब्दात देता येते : नाही. शस्त्रक्रियेच्या पद्धतीपोटी आपण कोणासही एक पैसा देत नाही. परंतु हे उत्तर योगायोगाने आलेले नाही. त्यामागे आपल्या देशाचा कायदा आहे, काही परदेशी खटले आहेत आणि आपल्या स्वयंपाकघरातील हळदीचीही एक कथा आहे. आपण दिलेला पैसा कशावर खर्च होतो आणि कशावर होत नाही, हे आपणांस नीट कळावे म्हणून या वर्षीच्या अहवालात ही हकीकत थोडी विस्ताराने मांडत आहोत.

पेटंट म्हणजे काय?

पेटंटला शासकीय मराठीत ‘एकस्व’ असा अर्थवाही शब्द आहे. नवीन शोध लावणाऱ्यास सरकार ठरावीक मुदतीपुरता, आपल्याकडे २० वर्षांपुरता, असा हक्क देते की त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणी तो शोध व्यवसायासाठी वापरू नये. मोबदल्यात शोधकाने आपला शोध लपवून न ठेवता लेखी उघड करावयाचा असतो. हा हक्क ज्या देशाने दिला त्या देशापुरताच चालतो. अमेरिकेचे पेटंट आंधळगावात लागू होत नाही.

आता कल्पना करा. आंधळगाव-मोहाडी परिसरात कोशाचे कापड विणणाऱ्या हातांना धागा दिसेनासा झाला आहे. शल्यचिकित्सक डोळ्याच्या बाजूला एक लहानसा, आपोआप मिटणारा छेद घेतात, धूसर झालेले भिंग काढतात आणि कृत्रिम भिंग बसवितात. छेद कोणत्या आकाराचा घ्यावा, किती आत घ्यावा, ही झाली पद्धत. ही पद्धतच जर कोणाच्या मालकीची असेल, तर पाते हाती घेण्यापूर्वी शल्यचिकित्सकांनी त्या मालकाची अनुमती मागावी काय? रुग्ण टेबलावर असताना डॉक्टरांनी रुग्णाचे हित पाहावे की परवानापत्र?

आपला कायदा काय सांगतो?

भारताचा पेटंट अधिनियम १९७० सालचा असून तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. कोणकोणत्या गोष्टींना ‘शोध’ मानू नये याची यादी त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. त्या यादीत माणसांवर करावयाच्या औषधोपचाराच्या, शस्त्रक्रियेच्या, रोगनिवारणाच्या आणि रोगप्रतिबंधाच्या प्रक्रिया प्रथमपासूनच होत्या. २००२ च्या दुरुस्तीने त्यात निदानाच्या प्रक्रियांचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. जनावरांना रोगमुक्त करण्याच्या प्रक्रियाही या यादीत आहेत. त्यामुळे गोठ्यातील गाय-बैलांवरील उपचाराची पद्धतही कोणी अडवून धरू शकत नाही.

असा अपवाद करणारे आपण एकटे नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू झालेल्या बौद्धिक संपदा करारात, निदानाच्या, उपचाराच्या आणि शस्त्रक्रियेच्या पद्धती पेटंटमधून वगळण्याची मुभा प्रत्येक सदस्य देशास दिलेली आहे. युरोपीय पेटंट करारानेही हाच मार्ग धरला आहे. अमेरिकेने मात्र निराळी वाट घेतली. तिकडे काय घडले ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यातील दोन्ही प्रमुख प्रकरणांचा संबंध डोळ्यांच्या उपचाराशी येतो.

ईथर आणि छेद

१८४६ साली बोस्टनचे दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून रुग्णास वेदनारहित करता येते, हे जाहीर प्रयोगाने दाखविले. त्याच वर्षी त्याचे पेटंटही घेतले गेले. पुढे न्यूयॉर्कच्या एका नेत्ररुग्णालयावर या पेटंटच्या आधारे दावा झाला. १८६२ मध्ये न्यायालयाने पेटंट अवैध ठरविले. ईथर जुनेच होते आणि ते हुंगण्याची क्रियाही जुनीच होती. त्यांचा एक नवा परिणाम ध्यानात आला, तेवढ्याने त्यावर मालकी सांगता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. शोध थोर होता, यात मात्र कोणालाच शंका नव्हती.

दुसरे प्रकरण आपल्या देणगीदारांच्या वाचनात आलेले. ॲरिझोनातील नेत्रशल्यचिकित्सक डॉ. सॅम्युएल पॅलिन यांनी मोतीबिंदूच्या बिनटाक्याच्या छेदाचे पेटंट १९९२ मध्ये मिळविले आणि १९९३ मध्ये डॉ. जॅक सिंगर या दुसऱ्या नेत्रशल्यचिकित्सकावर व्हरमाँटच्या संघीय न्यायालयात दावा लावला. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे काही डॉलर द्यावेत, अशी मागणी होती. रक्कम मोठी नव्हती, परंतु एका छेदाला शुल्क लागू झाले तर उद्या प्रत्येक टाक्याला आणि प्रत्येक पट्टीला लागेल, हे तेथील डॉक्टरांनी ओळखले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा पेटंटांचा निषेध केला. मार्च १९९६ मध्ये त्या पेटंटमधील वादग्रस्त दावे न्यायालयाने अवैध ठरविले. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून, अशा पद्धतीचा वापर केल्याबद्दल डॉक्टर व रुग्णालय यांच्याकडून भरपाई वसूल करता येणार नाही, अशी तरतूद केली. तेथे उपचारपद्धतीची पेटंटे आजही मिळतात, पण डॉक्टरांच्या हातावरचा बोजा बहुतांशी उतरला आहे.

हळदीची साक्ष

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास एक पेटंट दिले. विषय होता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. म्हणजे तेही एका उपचारपद्धतीचेच पेटंट होते. कापले, खरचटले की चिमूटभर हळद दाबून धरणाऱ्या आपल्या घरांना हे ऐकून हसू आले असते. परंतु पेटंट कार्यालयात ‘आमची आजी हे करीत असे’ एवढे सांगून भागत नाही. लेखी पुरावा लागतो. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुन्या संस्कृत ग्रंथातील उल्लेख होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाने पेटंटमधील सर्व दावे रद्द ठरविले.

या प्रकरणापासून आपल्या देशाने धडा घेतला. पारंपरिक वैद्यकाची माहिती परदेशी पेटंट परीक्षकांस तपासता यावी अशा स्वरूपात नोंदविणारे डिजिटल ग्रंथालय २००१ पासून उभे राहू लागले. २००२ च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानावर पेटंट देण्यासही मनाई झाली. जे ज्ञान सर्वांचे असते, ते लिहून ठेवले तरच सर्वांचे राहते, हा त्यातील बोध आम्हांला मोलाचा वाटतो.

मग खर्च कशाचा?

पद्धतीवर मालकी नाही. वस्तूंवर मात्र असू शकते. औषध, भिंग, यंत्र, चाचणीचा संच या गोष्टी पेटंटयोग्य असू शकतात, आणि रुग्णालयाचा पैसा बव्हंशी येथेच जातो. ही रेषा उगाच आखलेली नाही. नवे औषध किंवा यंत्र घडविण्यास वर्षानुवर्षे भांडवल गुंतवावे लागते आणि ते परत मिळण्याची काही शाश्वती हवी, असे कायदा मानतो. शस्त्रक्रियेतील सुधारणा मात्र बहुधा शल्यचिकित्सकांच्या रोजच्या कामातून होते आणि ती शिकविण्याने वाढते.

मोतीबिंदूचेच पाहू. डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये विकसित केलेल्या फेको पद्धतीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेणारे यंत्र लागते. लहान छेदाच्या हाती शस्त्रक्रियेत ते लागत नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात या दोन्ही पद्धतींची तुलना करणारा अभ्यास झाला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही पद्धती सुरक्षित आढळल्या. बिनचष्म्याची दृष्टी फेकोनंतर काहीशी सरस होती. चष्मा लावल्यावर मात्र दोन्ही गटांतील बहुतेक सर्वांना उत्तम दिसू लागले. ग्रामीण रुग्णालयाला यातून मोठा धीर मिळतो.

भिंगाची कथाही अशीच उद्बोधक आहे. १९४९ मध्ये लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले आणि त्याचे पेटंट घेतले नाही. तरीही पुढे कित्येक वर्षे आयात भिंग गरिबांच्या आवाक्याबाहेरच होते. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने देशातच भिंगे बनविण्यास आरंभ केला, तेव्हा किंमत कित्येक पटींनी खाली आली. पेटंट नसणे पुरेसे नाही; ती वस्तू बनविणारे हातही हवेत, हे यावरून दिसते.

औषधांच्या बाबतीत कायद्याने सामान्यांच्या हाती काही किल्ल्या ठेवल्या आहेत. मार्च २०१२ मध्ये मुंबई येथे भारतातील पहिला सक्तीचा परवाना दिला गेला. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधाला महिन्यास सुमारे २ लाख ८० हजार रुपये लागत. परवान्यानुसार तेच औषध हैदराबादच्या कंपनीने ८,८०० रुपयांत द्यावयाचे ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय उचलून धरला. पुढे मार्च २०२३ मध्ये बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या पेटंटची मुदत एका परीने लांबवू पाहणारा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्यास हरकत घेणाऱ्या दोघी स्वतः क्षयरोगातून बऱ्या झालेल्या होत्या : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. उपचारांच्या दुष्परिणामाने दोघींनीही श्रवणशक्ती गमावली होती. पेटंट मिळण्यापूर्वी हरकत घेण्याचा हक्क कोणाही व्यक्तीस, अगदी रुग्णासही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

निदानाची रेषा

विदर्भातील कुटुंबांना सिकलसेल हे नाव नवे नाही. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबाची प्राथमिक चाचणी करावयाची आणि ती सदोष आली तर पुढील तपासणीने रोगी कोण व वाहक कोण हे ठरवावयाचे, असा हा क्रम आहे. या क्रमातून रोग ओळखण्याची रीत आपल्या कायद्यानुसार कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही. तपासणीचे यंत्र आणि रसायने मात्र विकत घ्यावी लागतात.

ही रेषा नेमकी कोठे ओढावी यावर न्यायालयांत अजूनही विचार चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले की ही मनाई शरीरावर प्रत्यक्ष केलेल्या निदानापुरती नसून प्रयोगशाळेतील नमुन्यावरील निदानासही लागू आहे; परंतु जी प्रक्रिया स्वतःच रोग ओळखून देते तिलाच ती लागू होते. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांवर एका कंपनीची पेटंटे असल्याने अमेरिकेत वर्षानुवर्षे ती चाचणी प्रायः तिच्याकडूनच करून घ्यावी लागे. निसर्गात असलेले जनुक केवळ वेगळे काढले म्हणून पेटंटयोग्य होत नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

आपल्यासाठी याचा अर्थ

रुग्णांच्या आप्तेष्टांस आमची एक कळकळीची सूचना आहे. ‘पेटंटप्राप्त उपचार’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हावे. भारतात उपचाराच्या पद्धतीस पेटंट मिळत नाही. औषधास किंवा यंत्रास मिळालेले असले, तरी पेटंट हे गुणकारीपणाचे प्रमाणपत्र नव्हे. ती वस्तू नवी आहे, एवढेच ते सांगते; ती आपल्या रुग्णास हितकारक आहे की नाही, हे डॉक्टरांस विचारावे.

देणगीदारांस आम्ही एवढेच सांगू की आपली देणगी भिंगात, औषधात, जेलमध्ये, निर्जंतुक पात्यात आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनात जाते. त्या शस्त्रक्रियेमागचे ज्ञान आम्हांस विनामूल्य मिळाले आहे. कोठल्या कोठल्या देशांतील शल्यचिकित्सकांनी ते शिकविले, लिहिले आणि वाटले, म्हणून ते या गावापर्यंत पोहोचले.

या ऋणाची परतफेड कोणत्याही पेढीवर करता येत नाही. येथे शिकावयास येणाऱ्या तरुण डॉक्टरांस व परिचारिकांस हातचे न राखता शिकविणे आणि आमच्या कामातील यश-अपयशाची नोंद प्रामाणिकपणे ठेवणे, एवढेच आमच्या हाती आहे. आपला विश्वास आणि आपले साहाय्य पाठीशी असेल, तर हे व्रत आम्ही निष्ठेने चालवू.