पोटाच्या सोनोग्राफीत काय दिसतं?

वाशी असो की खारघर, सोनोग्राफी सेंटरमध्ये ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक असतोच. १९९४च्या कायद्याखालचं ते बंधन. आत मात्र निम्मी गर्दी पोटदुखीवाल्यांची.

उपाशीपोटी का बोलावतात? जेवलं की पित्ताशय आकुंचन पावतं, मग आतले खडे नीट दिसत नाहीत. जेल लावतात ते पोटावर फिरवायचा प्रोब आणि त्वचा यांच्यामधली हवा घालवायला. हवेतून सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी जवळजवळ पुढे सरकतच नाहीत. म्हणूनच आतड्यात गॅस असला की त्यामागचं स्वादुपिंड झाकलं जातं.

पित्ताचा खडा पडद्यावर पांढराशुभ्र चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. डॉक्टर कुशीवर वळायला सांगतात, कारण खडा घरंगळतो. पॉलिप, म्हणजे पित्ताशयाच्या भिंतीला चिकटलेली गाठ, जागचा हलत नाही. यकृताची तुलना शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी होते. यकृत त्याच्यापेक्षा जास्त उजळ दिसलं की रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर’ येतं. ‘ग्रेड वन’ वाचून हातपाय गाळू नयेत, पण वडापाव आणि बैठं काम चालूच ठेवायला ती परवानगीही नव्हे.

मूत्रपिंडातली साधी पाण्याची गाठ वाढत्या वयात सर्रास सापडते, बहुधा निरुपद्रवी असते. मूत्रवाहिनीत अडकलेला मुतखडा मात्र सोनोग्राफीला अनेकदा चकवतो. तेव्हा सीटी स्कॅन लागतो.

पुढच्या तपासणीला जुना रिपोर्ट न्या. आणि पोटदुखीसोबत ताप किंवा कावीळ असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.