ताकद शेवटी, दुर्बीण आधी

एअर रायफल घ्यायला निघालेल्या नवख्या शिकाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्वांत जोरकस बंदूक कोणती? ब्रिटनमध्ये या प्रश्नाचं उत्तर कायद्यानंच देऊन ठेवलं आहे. १९६८चा फायरआर्म्स ॲक्ट आणि त्याखालचे १९६९चे नियम यांनुसार नळीच्या तोंडाशी १२ फूट-पाउंडांहून, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूलहून, अधिक ऊर्जा देणारी एअर रायफल परवान्याशिवाय बाळगता येत नाही. स्कॉटलंडमध्ये तर ३१ डिसेंबर २०१६पासून या मर्यादेखालच्या बंदुकीलाही परवाना लागतो. साहजिकच बहुतेक उत्पादक आपली रायफल मर्यादेच्या जरा खाली, साधारण साडेअकरा फूट-पाउंडांवर आणून ठेवतात. स्वस्त असो वा महाग, जोर जवळपास सारखाच. मग निवड करायची ती कशाची? माझं म्हणणं असं की निवड उलट्या टोकानं करावी: आधी सावजावरचा प्राणघातक बिंदू, मग अंतर, मग छर्रा, मग दुर्बीण आणि सगळ्यांत शेवटी बंदूक.

इतिहास थोडक्यात उरकतो. हवेवर चालणारी बंदूक हे खेळणं कधीच नव्हतं. जिरार्डोनीची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १७८०च्या सुमारास वापरात आणली आणि अमेरिकेतल्या १८०४ ते १८०६च्या लुईस-क्लार्क मोहिमेतही एक एअर रायफल होती. पुढं बर्मिंगहॅमच्या बीएसए आणि वेब्ली या कारखान्यांनी ती इंग्लंडच्या घराघरांत नेली. आज तिथं तिच्यापुढं येतात ते ससे, उंदीर, करड्या खारी आणि ठरावीक परवान्याच्या अटींवर रानकबुतरं. जमीनमालकाची परवानगी मात्र प्रत्येक वेळी हवी.

आता मूळ हिशेब. सशाला जागच्या जागी, वेदनेविना मारायचं तर छर्रा डोळा आणि कान यांच्यामध्ये बसला पाहिजे. ही जागा जेमतेम अडीच सेंटीमीटर रुंद, म्हणजे मधल्या बिंदूपासून चूक करायला सव्वा सेंटीमीटरच मोकळीक. साडेअकरा फूट-पाउंडांत ४.५ मिमीचा ०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २३९ मीटर वेगानं सुटतो. ५.५ मिमीचा छर्रा एक ग्रॅमहून किंचित जड, त्याचा वेग सुमारे १७३. ऊर्जा तीच, पण जड छर्रा हवेत जास्त वेळ राहतो आणि तेवढा जास्त खाली येतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला तरी ४० मीटरांत हलका छर्रा नळीच्या रेषेखाली १४ सेंटीमीटर उतरतो, जड २६ सेंटीमीटर. दुर्बीण ३० मीटरला झीरो केली आहे, म्हणजे त्या अंतरावर छर्रा नेमक्या नेमावर बसेल अशी लावली आहे, आणि ससा प्रत्यक्षात ३५ मीटरवर आहे असं समजा. पाच मीटरांची ही चूक ओल्या माळरानावर कोणाकडूनही होते. हलका छर्रा सुमारे १ सेंटीमीटर खाली बसेल, म्हणजे घातक जागेतच. जड छर्रा २ सेंटीमीटरहून अधिक खाली जाईल आणि ससा जखमी होऊन बिळात शिरेल.

यावर जुन्या शिकाऱ्यांचा आक्षेप असतो की ५.५चा छर्रा ‘जास्त जोरात बसतो’. त्यात तथ्य आहे. तो रुंद आहे, दूरवर ऊर्जा थोडी जास्त राखतो, आणि ४.५चा छर्रा कधी आरपार जाऊन ऊर्जा वाया घालवतो. पण हा लाभ छर्रा जागेवर बसल्यानंतरचा. चुकीच्या जागी बसलेला जाड छर्राही जखमच करतो. फील्ड टार्गेट या ब्रिटनमध्ये रुजलेल्या स्पर्धेतला पुरावा मला फार बोलका वाटतो. तिथं हीच १२ फूट-पाउंडांची मर्यादा, अंतरं ८ ते ५५ यार्ड, आणि प्रत्येक लक्ष्याचं अंतर नेमबाजानं स्वतः ओळखायचं. हे लोक जवळजवळ एकमुखानं ४.५ निवडतात. अमेरिकेत, जिथं बंदुकीला दुप्पट-तिप्पट जोर देता येतो, तिथं ५.५ किंवा ६.३५चा छर्राही पुरेशा वेगानं जातो, म्हणून तिथला सल्ला वेगळा असणं रास्तच आहे. त्या सल्ल्यावर इंग्लंडमध्ये खरेदी करणं रास्त नाही.

आता दुर्बिणीकडे वळू, कारण या विषयातला खरा रस तिच्यातच आहे. दारूगोळ्याच्या रायफलसाठी केलेल्या बहुतेक दुर्बिणी साधारण १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरांना जुळवलेल्या असतात. एअर रायफलचं काम १० ते ४० मीटरांत. या अंतरावर चित्र धूसर दिसतं हा किरकोळ त्रास. मोठा दोष असा की डोळा मध्यरेषेवरून हलला की दुर्बिणीतली नेमाची फुलीही लक्ष्यावरून सरकते. यालाच पॅरलॅक्स म्हणतात. हिशेब करून पाहा: ४० मिमीची पुढची काच, जुळवणी ९१ मीटरांना, सावज २५ मीटरवर. डोळा अगदी कडेला गेला तर चूक सुमारे १४.५ मिमी, म्हणजे आपली सगळी सव्वा सेंटीमीटरची मोकळीक संपून वर उधारी. ‘गाल दस्त्यावर नेहमी एकाच ठिकाणी टेकवला की झालं’ असं उत्तर मिळतं. कागदावर ते बरोबर आहे. पण झाडाला रेलून, चिखलात गुडघे टेकून, अवघडल्या मानेनं नेम धरणाऱ्याचा गाल रोज एकाच ठिकाणी टेकत नाही. म्हणून १० मीटरांपर्यंत खाली जुळवता येणारी, पुढच्या कड्यानं किंवा बाजूच्या चाकानं फिरणारी दुर्बीणच घ्यावी. किती पट मोठं दिसतं हे शेवटी पाहावं. तीन ते नऊ पटींची, ४० मिमीची दुर्बीण शिकारीला पुष्कळ झाली. फील्ड टार्गेटवाले तीस-चाळीस पटींची अवजड नळी वापरतात ती अंतर मोजायला. झुडपातल्या सशावर तेवढी पट लावली तर दृश्य अरुंद होतं आणि हाताचा कंपही तितक्याच पटींनी दिसतो.

दुसरी गोष्ट खरेदीदाराला फार उशिरा कळते. स्प्रिंगच्या रायफलमध्ये चाप ओढला की जड पिस्टन पुढं धावतो, त्यामुळं बंदूक मागं ढकलली जाते. पिस्टन दाबलेल्या हवेवर जाऊन थांबतो तेव्हा ती पुन्हा पुढं उसळते. मागच्याच धक्क्याचा विचार करून बांधलेली, बड्या काडतुसाला पुरून उरलेली दुर्बीणही या पुढच्या उसळीनं खिळखिळी होते. स्प्रिंगसाठी तयार केलेली दुर्बीण आणि मागं सरकू न देणारी खीळ असलेला माउंट यांत कंजुषी नको. भरलेल्या हवेची पीसीपी रायफल जवळजवळ धक्काच देत नाही, म्हणून नवशिक्याच्या हातून तिचा नेम लवकर बसतो. मात्र हवा भरायला सिलिंडर किंवा तगडा पंप लागतो. जर्मनीच्या वाइहराउखची एचडब्ल्यू ९७ किंवा इंग्लंडच्या एअर आर्म्सची टीएक्स २०० अशी चांगली स्प्रिंग रायफल सरावानं तितकीच अचूक होते. सराव करणार नसाल तर पीसीपी घ्या.

बारकावे अजून दोन. दुर्बीण नळीच्या साडेचार सेंटीमीटर वर बसते. त्यामुळं ३० मीटरला झीरो केलेली ४.५ची बंदूक ८ मीटरवर जवळपास २ सेंटीमीटर खाली मारते. धान्याच्या कोठारात उंदरावर नेम धरणाऱ्यानं हे विसरू नये. शिवाय फुलीवरचे मिल-डॉट, म्हणजे मापाचे ठिपके, ३० मीटरवर एकमेकांत बरोबर ३ सेंटीमीटर दाखवतात, पण बऱ्याच दुर्बिणींत ते एका ठरावीक पटीलाच खरे असतात. पट बदलली की माप बदललं.

सर्वांत गंभीर आक्षेप राहतो: मारावंच कशाला? शेताचं नुकसान हे तिथलं उत्तर. ससे आवरण्यासाठी ब्रिटनला १९५४ साली पेस्ट्स ॲक्टच करावा लागला. आपल्याकडे हा वाद उरतच नाही, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. छऱ्याच्या बंदुकीची जागा इथं रेंजवरच, आणि तिथं ती काय करू शकते हे नेमबाज अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये दाखवलं. पण जिथं शिकार कायदेशीर आहे तिथं शिकाऱ्यावरची जबाबदारी उलट वाढते. म्हणून खरेदीनंतर एकच कसोटी लावावी: कागदावर अडीच सेंटीमीटरचं वर्तुळ काढा आणि शेतात ज्या बैठकीत नेम धरणार त्याच बैठकीत ३० मीटरवरून पाच छर्रे झाडा. पाचही आत बसले तर ३० मीटर हे तुमचं अंतर. एकही बाहेर गेला तर २५वर या, मग २०वर. बहुतेकांना अशा वेळी नवी, जास्त जोराची बंदूक घ्यावीशी वाटते. तिचा इथं काही उपयोग नाही, अंतर कमी करणं मात्र फुकट आहे.