ट्रॉली सपाट तर माल सलामत

कापूस, सरकी, विटा, लाकूड, भंगार. आपल्या बांधवांच्या धंद्यातला कितीतरी माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातो. ट्रॉली विकत घेताना आपण पत्र्याची जाडी पाहतो, टायर पाहतो, रंगही पाहतो. पण ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीच्या दांडीची कडी मिस्त्री जशी लावील तशी घेतो. सगळा बोजा ज्या एका पिनेवर ओढला जातो, तिच्याबद्दल कोणी विचारीत नाही. गाडीतला माल बहुतेक दुसऱ्याचा, म्हणजे आपल्याकडे अमानत असतो, आणि मागेपुढे चालणारी माणसे तर कोणाच्या तरी घरची कमावती असतात. म्हणून हा विषय आज घेतला आहे.

सपाट कशासाठी?

दोन चाकांची ट्रॉली म्हणजे तराजूची दांडीच. मधला काटा म्हणजे अॅक्सल. माल थोडा पुढे असला की काही वजन हुकावर येते, आणि तसे ते यायलाच हवे. समजा माल 3,000 किलो आहे, अॅक्सलपासून कडी 3 मीटरवर आहे आणि मालाचा मध्य अॅक्सलच्या पुढे 30 सेंटीमीटर आहे. मग हुकावर 300 किलो वजन येते. तोच मध्य 30 सेंटीमीटर मागे गेला, तर 300 किलोचा जोर ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलतो. मागची चाके हलकी होतात, पकड सुटते आणि उतारावर ब्रेक दाबला तर चाके घसरतात.

आता कडी 15 सेंटीमीटर उंच जोडली, तर ट्रॉली मागे कलते. मालाचा मध्य अॅक्सलपासून 1.2 मीटर उंच असेल, तर तो सुमारे 6 सेंटीमीटर मागे सरकतो आणि हुकावरचे 60 किलो वजन कमी होते. माल जितका उंच रचलेला, तितका हा फरक मोठा. कापसाच्या ट्रॉलीवाल्यांनी हे खास ध्यानात ठेवावे. उलट कडी फार खाली असली तर ट्रॉली पुढे झुकते, हुकावर बोजा वाढतो, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग नीट लागत नाही. हा दोष माल रचून झाकता येत नाही. उंचीच बरोबर करावी लागते.

उंची कशी मोजावी?

ट्रॅक्टर व ट्रॉली सिमेंटच्या सपाट जागेवर उभी करा. टायरमध्ये हवा पुरी भरा. ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. दांडीखाली जॅक देऊन ट्रॉलीचा पाटा पाणसळीने सपाट करा. मग जमिनीपासून कडीच्या मध्यापर्यंत उंची मोजा आणि ट्रॅक्टरच्या हुकाचीही मोजा. कडी 55 सेंटीमीटरवर आणि हूक 62 वर निघाला, तर हूक 7 सेंटीमीटर खाली हवा. बोजा चढल्यावर टायर थोडे दबतात, म्हणून माल भरून पुन्हा एकदा पाणसळ लावा. थोडा फरक राहिलाच तर पुढे किंचित झुकलेली ट्रॉली चालेल, मागे कललेली चालणार नाही.

हूक कोणता घ्यावा?

ज्यात वर-खाली अनेक भोके आहेत आणि बोल्टने उंची बदलता येते, असा हूक घ्यावा. एकाच ट्रॅक्टरला दोन-तीन ट्रॉल्या लागत असतील तर हा खर्च वाया जात नाही. हूक ट्रॅक्टरच्या कंपनीने दिलेल्या जागीच बसवावा. मागचे घर बिडाचे असते. त्यावर वेल्डिंग केले तर चीर पडण्याचा धोका असतो. आपले वेल्डर बांधव हे जाणतात. ग्राहकाने आग्रह धरला तरी त्यांनी नकार द्यावा.

वरच्या लिंकच्या जागी ट्रॉली कधीही जोडू नये. ओढ मागच्या अॅक्सलच्या वर लागली की चढावर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि उलटून चालकाच्या अंगावर येऊ शकतो. मग सावरायला वेळ मिळत नाही.

पिकअपमागे गोळ्याच्या हुकाने ट्रेलर ओढणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. तिथे गोळ्याचे माप जास्त पाहावे. 50 मिलिमीटर आणि 2 इंच, म्हणजे 50.8 मिलिमीटर, हे दोन वेगळे गोळे आहेत. गोळ्यावर आणि कपावर कोरलेला आकडा जुळला पाहिजे. गाडी, हूक, गोळा व ट्रेलर यांत ज्याची ताकद सर्वांत कमी, तीच आपली हद्द.

पिन आणि साखळी

पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालण्याची सवय सोडावी. पिन भोकाच्या मापाची, पक्क्या पोलादाची आणि खाली क्लिप असलेली हवी. ढिली पिन दर झटक्याला भोक मोठे करते. कडी झिजून पातळ झाली असेल तर बदलावी. शिवाय हुकापासून दांडीपर्यंत एक मजबूत साखळी लावावी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली सुटून कोणावर जाणार नाही. आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, ही शिकवण लहानपणापासून आपण सगळे ऐकत आलो आहोत. साखळी लावणे म्हणजे तेच.

कागदपत्रे

1988च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच धरला आहे, म्हणून त्याची नोंदणी हवी. विम्याच्या कागदावर ट्रॉलीचा उल्लेख आहे की नाही, हे स्वतः वाचून पाहावे. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने भाड्याचा माल नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते. हा प्रश्न आरटीओत आणि विमा एजंटाकडे आधीच विचारून मोकळे व्हावे.

टेप, पाणसळ आणि अर्धा तास, एवढ्यावर हे काम होते. येत्या सुट्टीच्या दिवशी ट्रॉली रिकामी असताना मापे घ्या, मिस्त्रीला दाखवा आणि हूक बरोबर करून घ्या. पुढचा फेरा इन्शाअल्लाह बेफिकीर जाईल.