संग्रह-प्ररूपांचे रूपांतरण

संगणकाच्या आज्ञावलीत एकात एक बसविलेल्या माहितीसंग्रहांचे एका प्ररूपातून दुसऱ्या प्ररूपात स्थित्यंतर घडवून आणण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. प्ररूप म्हणजे टाइप. एखाद्या मूल्यावर कोणत्या क्रिया करता येतील हे ठरविणारी त्या मूल्याची जात. पूर्णांक, दशांश संख्या, अक्षरमाला ही साधी प्ररूपे होत. सूची, संच व कोष्टक ही संग्रह-प्ररूपे होत. सूचीत क्रम असतो, संचात क्रम व पुनरुक्ती नसते, तर कोष्टकात प्रत्येक खुणेशी एक मूल्य जोडलेले असते. संग्रहाचा घटक स्वतःच संग्रह असू शकतो. उदा., प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाशी त्याच्या गुणांची सूची जोडणारे कोष्टक. काटेकोर प्ररूप-शिस्तीच्या भाषांत अशा रचनेचे वर्णन प्ररूपातच लिहिलेले असते आणि आज्ञावली चालू होण्यापूर्वी कंपायलर ते पडताळून पाहतो. रॉबिन मिल्नर यांनी १९७८ साली एमएल या भाषेच्या संदर्भात अशा पडताळणीचा गणिती पाया मांडला.

प्रत्येक पूर्णांक ही संख्याच असते. मग पूर्णांकांची सूची ही संख्यांची सूची का मानू नये, असा प्रश्न नवशिक्यास हटकून पडतो. सूची नुसती वाचावयाची असेल, तर तसे मानण्यास हरकत नाही. परंतु तीत भर घालता येत असेल, तर संख्यांची सूची समजून कोणीही तीत २·५ ही संख्या टाकील आणि मूळ आज्ञावलीस पूर्णांकाच्या जागी दशांश संख्या मिळेल. जावा या भाषेने आपल्या ॲरे या रचनेस ही सवलत आरंभापासून दिली. परिणामी ॲरेत वस्तुरूप घटक ठेवताना दर वेळी त्याची जात प्रत्यक्ष चालनकाळी तपासावी लागते व विजोड घटक आढळताच आज्ञावली थांबते. २००४ साली जावात आलेल्या प्राचल-प्ररूपांच्या सूचींना मात्र ही सवलत नाकारण्यात आली आणि तो निर्णय योग्यच होता. त्यांऐवजी ‘संख्या किंवा तिचे कोणतेही उपप्ररूप’ अशी मोकळीक लिहिता येते. ती घेतली की सूची वाचता येते, पण तीत नवी संख्या घालता येत नाही. सूचींची सूची असेल, तर ही मोकळीक प्रत्येक थरावर स्वतंत्रपणे लिहावी लागते. केवळ बाहेरच्या थरावर लिहून भागत नाही आणि पुष्कळांची गाडी नेमकी येथेच अडते.

अशा वेळी प्ररूपाची सक्ती करण्याचा मोह होतो. जावात कंपायलरचे काम झाल्यावर सूचीच्या घटकांचे प्ररूप पुसले जाते. म्हणून सक्ती केवळ एका इशाऱ्यावर निभावते व दोष पुढे भलत्याच ठिकाणी उघडकीस येतो. स्कालातील सूची अपरिवर्तनीय असल्यामुळे तेथे हा प्रश्नच उद्‌भवत नाही.

खरे रूपांतरण म्हणजे आतील प्रत्येक घटकास एक फलन लावून नवी रचना उभारणे. हास्केलमध्ये घटकशः फलन लावण्याची क्रिया स्वतःशीच संयोजित केली, की ती दुसऱ्या थरावर पोहोचते. यास लागणारा वेळ एकूण घटकांच्या प्रमाणात असतो : प्रत्येकी १,००० घटकांच्या १,००० सूची असल्यास १० लाख घटक हाताळावे लागतात. बदलता येण्याजोग्या सूचींच्या बाबतीत केवळ बाहेरील सूचीची प्रत काढली, तर आतील सूची दोहोंत सामाईक राहतात आणि एकीत केलेला बदल दुसरीत उमटतो.

प्ररूप अचूक जुळूनही माहिती गळू शकते. [[१, २], [२, १], [३]] या सूचीचे संचांच्या संचात रूपांतर केल्यास तीनऐवजी दोनच घटक उरतात. याहून फसवा प्रकार सपाटीकरणाचा. गुणांच्या कोष्टकाचे (विद्यार्थी, गुण) अशा जोड्यांच्या सूचीत रूपांतर करताना, सर्व परीक्षांना अनुपस्थित राहिलेल्या विद्यार्थ्याची सूची रिकामी असते. तिच्यातून एकही जोडी निघत नाही. त्या सूचीवरून पुन्हा कोष्टक बनविले, की त्या विद्यार्थ्याचे नावच पटावरून नाहीसे होते. कंपायलर यास आक्षेप घेत नाही, कारण प्ररूपांच्या दृष्टीने सर्व यथास्थित असते. म्हणून नावांची यादी वेगळी जपणे किंवा रिकाम्या सूचीसाठी ‘मूल्य नाही’ अशी स्पष्ट नोंद करणे आवश्यक ठरते.

तथापि ही नोंदही थरांची अदलाबदल करताना जपून वापरावी लागते. ‘असेल वा नसेल’ अशा गुणांची सूची उलटवून ‘असेल वा नसेल’ अशी गुणांची सूची मिळविता येते. कॉनर मॅकब्राइड व रॉस पॅटरसन यांनी २००८ साली या क्रियेचे सामान्य स्वरूप विशद केले. तीत एकही गुण नसला, तरी संपूर्ण सूची ‘नाही’ ठरते. वर्गाच्या निकालास ती जशीच्या तशी लावली, तर एका गैरहजर विद्यार्थ्यामुळे साऱ्या वर्गाचा निकाल रिकामा येईल.