नव्या प्रणालीसाठी माणसे कोणती?

खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब ही कंपनीची सारी कामे एकाच संगणकप्रणालीवर आणण्याला ईआरपी रोलआउट म्हणतात. त्याच्या अंदाजपत्रकात परवाने, सर्व्हर व प्रोग्रामर यांचा खर्च काटेकोरपणे मांडला जातो, पण बिझनेस अ‍ॅनालिस्ट किती आणि कोण असावेत हा प्रश्न बहुधा घाईत उरकला जातो. अ‍ॅनालिस्ट म्हणजे कामाची प्रत्यक्ष रीत समजून घेऊन ती प्रणाली बांधणाऱ्यांपुढे नेमकेपणाने मांडणारा, आणि रीत व प्रणाली जिथे जुळत नाहीत तिथे कोणी बदलायचे हा प्रश्न वेळीच वरिष्ठांपुढे ठेवणारा माणूस.

कारखान्याच्या स्टोअरमधील माल आवक पाहावी. परचेस ऑर्डरशी चलन ताडून पाहावे आणि तपासणीत पास झालेलाच माल वापरासाठी द्यावा, असा नियम असतो. परंतु रात्रपाळीला ट्रक आला आणि मालावाचून लाइन थांबणार असेल, तर स्टोअरकीपर चलनावर सही करून माल थेट लाइनवर देतो आणि कागदपत्रे दुसऱ्या दिवशी पुरी होतात. विभागप्रमुखाला विचारले तर तो नियमच सांगतो (त्याला तसे सांगणे भागच असते), त्यामुळे ही वहिवाट स्टोअरमध्ये उभे राहिल्यावाचून कळत नाही. ती न कळता प्रणाली सुरू झाली, तर लाइनवर वापरून संपलेला माल नोंदींत तपासणीच्या रांगेतच पडून राहतो.

म्हणूनच वापरकर्त्यांची डोकी मोजून अ‍ॅनालिस्टांची संख्या ठरवणे फसवे असते. एकाच पद्धतीने बिले करणाऱ्या 500 कारकुनांना एक अ‍ॅनालिस्ट पुरू शकतो, तर पाच कारखान्यांत पाच रीती असल्या की 50 जणांसाठीही तो अपुरा पडतो. बाहेरच्या सल्लागाराला प्रणाली ठाऊक असते, कंपनी नसते. त्यामुळे त्याच्या जोडीला खात्यातला मुरलेला माणूस पूर्णवेळ द्यावा लागतो, आणि नेमक्या त्याच माणसाला सोडायला विभागप्रमुख तयार नसल्याने हाताशी रिकामा असेल तो पाठवला जातो.

मात्र चांगला अ‍ॅनालिस्ट नेमला तरी निर्णय वरिष्ठांनाच घ्यावा लागतो. जर्मनीतील लिडल या किराणा साखळीने 2011 मध्ये सॅप कंपनीच्या प्रणालीवर जाण्याचे काम हाती घेतले. लिडलमध्ये साठ्याचे मोल खरेदीच्या भावाने धरण्याची रीत होती, तर ती प्रणाली मुळात विक्रीच्या भावावर बेतलेली होती. रीत न बदलता प्रणालीच बदलून घेण्याचे ठरल्याने काम लांबत आणि गुंतत गेले. जर्मन वृत्तपत्रांच्या अंदाजानुसार सुमारे 50 कोटी युरो खर्च झाल्यावर, 2018 मध्ये लिडलने तो प्रकल्प गुंडाळला आणि आपल्या जुन्याच प्रणालीवर पुढचे काम करण्याचे ठरवले.